चांदणीची टोकं शिवणीत जातात: गोधडीचे चौकोन जोडताना नेमकं कुठे चुकतं?

रानजाई

आईच्या सुती साड्यांची गोधडी करायला घेतली आहे. आई जाऊन दोन वर्षं झाली. तिच्या सहा साड्या नेसण्यासारख्या उरल्या नव्हत्या, खालचे काठ पार विरले होते. पण पदराकडचा आणि आत खोचला जाणारा भाग अजून घट्ट आहे. तेवढाच वापरते आहे, त्यामुळे कापड मोजकं आहे आणि एकेक चूक महाग पडते आहे.

नमुना सॉटूथ स्टारचा, म्हणजे आठ टोकांच्या चांदणीचा. मध्ये एक चौकोन, चार बाजूंना फ्लाइंग गीजचे आयत (मध्ये एक मोठा त्रिकोण, त्याच्या दोन बाजूंना दोन छोटे), चार कोपऱ्यांत छोटे चौकोन. असा जोडलेला एक तयार चौकोन, म्हणजे ब्लॉक, १२ इंचांचा. मधला चौकोन साडेसहा इंच कापला, कोपऱ्यांचे साडेतीन. गीज एका मोठ्या चौकोनातून चार निघतात त्या पद्धतीने केले: मोठा चौकोन साडेसात इंच, छोटे चार चौकोन ४ इंचांचे, म्हणजे मुद्दाम थोडे मोठे, आणि मग साडेसहा बाय साडेतीनला छाटले. छाटताना घाई केली नाही, प्रत्येक तुकडा पट्टी लावून तपासला.

तरीही चार ब्लॉक झाले आणि एकातही मधल्या चौकोनाला टेकणारी चारही टोकं शाबूत नाहीत. कुठे बोथट झालंय, कुठे पार शिवणीत गेलंय. बाहेरच्या शिवणीसाठी दोन्हीकडे पाव इंच धरून ब्लॉक साडेबारा भरायला हवा, तो सव्वाबारा भरतोय. चारही सव्वाबाराच.

मशीन आईचंच, काळं पायमशीन, फक्त सरळ टीप. मशीनच्या फूटच्या (कापड दाबून धरणाऱ्या पायाच्या) कडेला कापडाची कड लावून शिवते. अजून आठ ब्लॉक करायचे आहेत. पुढचं कापड कापायच्या आधी विचारावं म्हटलं.

शिवणकाकू

रानजाई, आईच्या साड्यांचं करते आहेस, छान करते आहेस. सावकाश कर.

मी ब्लाउज आणि झबली शिवण्यात आयुष्य घालवलं, गोधड्यांकडे नंतर वळले. पहिला प्रश्न: कापायच्या आधी साडीला खळ केली होतीस का? वापरलेलं सुती कापड फार लोळतं. उभ्या-आडव्या दोऱ्यात निभतं, पण उरेब, म्हणजे तिरकं, कापलं की बोटाने नुसतं सरकवलं तरी ताणतं. साबुदाण्याची पातळ खळ करायची, गाळून घ्यायची, कापड बुडवून सावलीत वाळवायचं आणि किंचित दमट असताना इस्त्री करायची. कागदासारखं कडक झालं पाहिजे. मगच पट्टी आणि कात्री. गोधडी पूर्ण झाली की एकदा धुऊन खळ काढून टाक, नाहीतर कपाटात कसर लागते.

पण चारही ब्लॉक सारखेच कमी भरतात म्हणतेस, तेव्हा फक्त ताणाचा दोष नसावा. ताणलेलं कापड प्रत्येक ठिकाणी वेगळं चुकतं.

फिटर_चिंचवड

मी शिवणारा नाही, बायको गोधड्या करते आणि मापं माझ्याकडून तपासून घेते. आमच्या शॉपमध्ये सगळं सुतात चालतं (१ सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), तसंच सांगतो.

ब्लॉक २ सूत कमी आहे. एका ओळीत तीन तुकडे, म्हणजे दोन शिवणी. म्हणजे एका शिवणीत १ सूत जातंय. शिवणीच्या दोन्ही बाजूंना माया (शिवणीसाठी सोडलेलं कापड) असते, तेव्हा एका बाजूला अर्धं सूत. तुम्ही २ सूत माया धरून कापलंय आणि शिवताय अडीच सुतावर. चारही ब्लॉक एकाच मापाने चुकतात याचा अर्थ हात स्थिर आहे, मशीनवरची खूण चुकीची आहे.

फूटच्या कडेपासून सुईपर्यंत मोजा. सुई खाली कागदात टोचून, फूट खाली सोडून, कडेला पेन्सिलची रेघ मारा आणि मग कागद काढून पट्टीने मोजा. टेपने नको, कापडी टेप जुना झाला की वाढतो.

रानजाई

आत्ताच मोजलं. अडीच सूत. बरोब्बर अडीच!

दहा वर्षं या मशीनवर परकर, उशांचे अभ्रे शिवतेय, कधी जाणवलंच नाही. अभ्र्याला अर्ध्या सुताने काय फरक पडणार म्हणा.

दूरदेशी

फिटरदादांचं गणित चोख आहे. त्यात दोन गोष्टी जोडते. मी अमेरिकेत राहते, इथल्या क्विल्टिंगच्या मंडळात आठ वर्षं जाते, आणि पहिली दोन वर्षं याच दुखण्यात गेली.

एक. तुझी टीप आता बरोब्बर २ सुतावर आणलीस तरी ब्लॉक केसभर कमी भरेल. शिवण एका बाजूला दुमडून इस्त्री केली की दुमडीची जाडी थोडं कापड खाते. म्हणून इथे सगळ्या शिवतात त्या पाव इंचाला एक-दोन दोरे कमी. किती कमी, ते प्रत्येकीच्या मशीनवर, दोऱ्यावर, कापडावर ठरतं, त्यामुळे दुसऱ्या कुणाचा आकडा घेऊन भागत नाही. तपासायचं असं: दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या काप, बाजूबाजूला जोड, इस्त्री कर. मधली पट्टी बरोब्बर १ इंच दिसली पाहिजे आणि तिन्ही मिळून साडेतीन इंच. मधली १ इंचाहून अरुंद आली तर माया जास्त घेते आहेस, रुंद आली तर कमी. जिथे नेमका इंच मिळेल तिथे मशीनवर खूण कर. मास्किंग टेपचे सात-आठ थर एकावर एक चिकटव, म्हणजे नुसती रेघ राहत नाही, कापड टेकायला काठ मिळतो. टेप बॉबिनच्या सरकत्या झाकणावर जाणार असेल तर ते उघडता येईल असा लाव. बऱ्याच जुन्या मशीनच्या पाट्यावर सुईच्या उजवीकडे स्क्रूची भोकं असतात, ती खरं तर कापडाला काठ देणारी पट्टी बसवायलाच केलेली. तुझ्या मशीनवर असतील तर पट्टी बाजारात मिळते.

दोन. हे जास्त महत्त्वाचं. गीज छाटताना पट्टी कुठून लावलीस? वरून की खालून? माप साडेसहा बाय साडेतीन भरणं आणि टोक योग्य जागी असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. टोकापासून वरच्या कच्च्या (अजून न शिवलेल्या) कडेपर्यंत नेमके २ सूत राहिले पाहिजेत. तेवढीच जागा पुढची शिवण खाणार आहे. आणि टोक जागेवर असलं की दोन्ही तिरक्या शिवणी खालच्या दोन कच्च्या कोपऱ्यांत थेट उतरतात, कोपऱ्याच्या अलीकडे नाही, पलीकडे नाही. तुझा एखादा गीज उजेडात धर आणि बघ.

रानजाई

पाहिलं. शिल्लक असलेले सहा गीज टेबलावर मांडले आणि पट्टी लावली.

टोकाच्या वर कुठे दीड सूत आहे, कुठे जेमतेम एक. एकातही दोन नाहीत. तिरक्या शिवणी कोपऱ्यात उतरत नाहीत, बाजूच्या कडेवर कोपऱ्याच्या थोड्या वरच संपतात.

मी खालची लांब कड सरळ आहे म्हणून तिच्यावर पट्टी टेकवून साडेतीन इंच मोजत होते आणि जादा कापड सगळं वरून, टोकाच्या बाजूने, कापत होते. म्हणजे टोकाचं कापड मीच काढून टाकलं, आणि उरलेल्या दीड सुतावर अडीच सुताची शिवण घातली.

शिवणीला दोष देत होते. टोक त्या आधीच गेलेलं होतं.

दूरदेशी

हो. बहुतेक वेळा असंच असतं. दिसतं शेवटच्या शिवणीत, घडतं दोन पायऱ्या आधी.

आता छाटताना असं कर: पट्टीवर दोन सुताची रेघ टोकावर आण आणि त्याच वेळी सव्वातीन इंचाची उभी रेघही टोकावर आण, म्हणजे टोक वरून २ सूत आणि बाजूने सव्वातीन. पट्टीवर ४५ अंशांची तिरकी रेघ असेल तर ती शिवणीवर बसते का पाहा. आधी वरची आणि एक बाजू छाट, मग तुकडा फिरवून उरलेल्या दोन. जादा कापड खालून आणि बाजूंनी जाऊ दे.

आणि तू ४ आणि साडेसात इंचांचे चौकोन घेतलेस ते चांगलंच केलंस. छाटायला जागा आहे म्हणून गीजमधल्या तिरक्या शिवणी जाड झाल्या तरी माप वाचतं. नेमक्या मापाचे (३ इंच ७ सूत आणि ७ इंच २ सूत) घेतले असतेस तर अडीच सुताच्या शिवणीने गीजच लहान निघाले असते.

कारवारी

थोडं वेगळं बोलते, राग मानू नये. आमच्या उत्तर कन्नडमध्ये, हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला, सिद्दी बायका कवंडी शिवतात. जुन्या साड्यांचे तुकडे, हाताने, धावदोऱ्याने. कडेपासून सुरुवात करतात आणि गोल गोल आत येत मध्यावर संपवतात. तुकड्याची कड आत दुमडायची, शेजारच्यावर थोडी चढवायची आणि शिवत पुढे जायचं. चार कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची 'फुला' बसवतात, त्याशिवाय कवंडी पुरी होत नाही. त्यात टोकाला टोक लावणं हा प्रकारच नाही, आणि ती इतकी सुंदर दिसते की नजर हटत नाही. आपल्या आज्यांच्या वाकळीही अशाच होत्या. मग हा अर्ध्या सुताचा ताण कशासाठी?

दूरदेशी

कारवारी, राग कसला. अमेरिकेतही अशी एक मोठी परंपरा आहे. अलाबामातल्या जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्या पट्टी लावून मोजलेल्या नाहीत. कामाचे जुने कपडे, डेनिम, जे हाती आलं त्याचे मोठे मोठे तुकडे, रेघा वाकड्या जाऊ दिलेल्या. २००२मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्यांचं प्रदर्शन भरलं आणि २००६मध्ये अमेरिकी टपाल खात्याने त्यांच्यावर तिकिटं काढली. मी त्यातल्या काही प्रत्यक्ष पाहिल्या आहेत, समोर बराच वेळ उभी होते.

पण ती रचनाच वेगळी. तिथे नजर रंगाच्या मोठ्या पट्ट्यांवर फिरते. चांदणीच्या ब्लॉकमध्ये नजर टोकावरच जाते, कारण आकार टोकामुळेच उभा राहतो. टोक बोथट झालं की चांदणी गोळा दिसते.

रानजाई

कारवारी, कवंडी मला आवडते, आणि आजीची वाकळ माझ्याकडे आहे, रोज पांघरते. पण ही गोधडी मला अशी करायची नाही. आई शाळेत गणित शिकवायची. फळ्यावर पट्टी न धरता सरळ रेघ मारायची आणि मग पट्टी लावून वर्गाला दाखवायची. तिच्या साड्यांच्या चांदण्यांना टोकं असावीत असं मला फार वाटतं.

शिवणकाकू

मग असू देत टोकं. ऐक आता, शिवताना काय करायचं ते सांगते.

गीज झाला की इस्त्री छोट्या त्रिकोणांकडे. इस्त्री फिरवायची नाही, ठेवायची आणि उचलायची. फिरवलीस की उरेब कड लाटेसारखी होते.

ओळी जोडण्याआधी शिवणींची दिशा ठरव. वरच्या आणि खालच्या ओळीत माया कोपऱ्याच्या चौकोनांकडे वळव, मधल्या ओळीत मधल्या चौकोनाकडे. म्हणजे ओळी एकमेकींवर ठेवल्या की एकीची माया डावीकडे, दुसरीची उजवीकडे. दोन बोटांच्या चिमटीत धरून सरकवलं की त्या एकमेकींत अडकून बसतात, बोटाला कळतं. तिथे टाचणीची फारशी गरज पडत नाही.

आता टोक. गीज वर ठेव, मधला चौकोन खाली. गीजच्या उलट बाजूला दोन तिरक्या शिवणी एकमेकींना छेदतात, तिथे फुली दिसते. तुझी टीप त्या फुलीतून गेली पाहिजे. फुलीच्या आत, त्रिकोणाच्या पोटाकडे, गेली की टोक कापलं. फुलीच्या बाहेर, कच्च्या कडेकडे, एक दोरा गेली तर चालेल, उलट बरंच, कारण कापड उलगडून दुमडताना तेवढा एक दोरा झाकला जातो आणि टोक बरोबर शिवणीला टेकतं. मी फुलीच्या आधी दोन इंचांवर मशीन हळू करते आणि शेवटचे चार-पाच टाके हाताने चाक फिरवून घालते.

दुसरं, शिवणीचा शेवट. शेवटचा अर्धा इंच आला की सगळ्यांचा हात सैल सुटतो आणि कापड डावीकडे तिरकं जातं. ब्लाउज शिवणाऱ्या नव्या मुलींनाही मी हेच सांगायची. दाभणाच्या टोकाने कापड काठाला लावून धर, सुईजवळ बोट नको.

फिटर_चिंचवड

बायको सांगते, पायमशीनचा एक फायदा लिहा. सरळ टिपेच्या मशीनला सुईचं भोक बारीक असतं, त्यामुळे त्रिकोणाचा कोपरा आत ओढला जात नाही. तिच्या झिगझॅग मशीनचं भोक रुंद आहे, ते कोपरे गिळतं. म्हणून ती आधी एका चिंधीवर टीप सुरू करते आणि दोरा न तोडता त्यावरून थेट खऱ्या तुकड्यावर येते.

जर्मनीतली_सई

मापाबद्दल एक सूचना. इथे काही नमुने सेंटिमीटरमध्ये असतात आणि त्यात माया पाऊण सेंटिमीटर धरलेली असते. २ सूत म्हणजे ६.३५ मिलिमीटर, म्हणजे पाऊण सेंटिमीटरला एक मिलिमीटरहून थोडं जास्तच कमी. इंचाचा नमुना आणि सेंटिमीटरची पट्टी अशी सरमिसळ मी एकदा केली आणि अख्खी गोधडी एका बाजूने आखडली. एका कामाला एकच पट्टी, शेवटपर्यंत.

कोपरा_कापला

गोधडीवाल्या कापड कापायला वापरतात ते फिरतं पातं आणि त्याखालची चटई माझ्याकडे नाही, कात्रीनेच कापते. मग हे सगळं जमेल का?

दूरदेशी

जमेल. ते पातं जपानच्या ओल्फा कंपनीने १९७९मध्ये आणलं. त्याआधी शंभर-दीडशे वर्षं याच चांदण्या कात्रीने होत होत्या, आणि टोकं जुळत होती. पद्धत फक्त वेगळी. तयार मापाचा पुठ्ठ्याचा साचा करायचा, माया न धरता. तो कापडाच्या उलट बाजूवर ठेवून पेन्सिलने रेघ मारायची. ती रेघ कापायची नाही, शिवायची. बाहेर अंदाजे २ सूत सोडून कात्रीने कापायचं. मग एका तुकड्याच्या रेघेच्या कोपऱ्यातून टाचणी घालून दुसऱ्याच्या रेघेच्या कोपऱ्यातून काढायची आणि रेघेवर शिवायचं. माया वेडीवाकडी असली तरी फरक पडत नाही. हाताने शिवणाऱ्या बऱ्याच जणी आजही असंच करतात. वेळ लागतो, पण मापाची चूक शिवणीपर्यंत पोचत नाही.

रानजाई

पाच दिवसांनी येते आहे. सांगायला बरंच आहे.

आधी जुन्या पोपलिनच्या तीन पट्ट्या कापल्या. टेपचा काठ पट्टीने मोजून २ सुतावर लावला. मधली पट्टी १ इंचाला केसभर कमी आली. दूरदेशी म्हणाल्या तसंच. काठ अगदी किंचित डावीकडे घेतला, पुन्हा तीन पट्ट्या, पुन्हा कमी. तिसऱ्यांदा इंच मिळाला. पट्टीच्या दोन रेघांमध्ये कापड असं बसलं की कुठेही फट नाही.

मग साडीला खळ केली. आईची निळी, बारीक पांढऱ्या ठिपक्यांची. वाळल्यावर हातात घेतली तर कडक, आणि किती वर्षांनी तो खळीचा वास. आई शाळेत जाताना अशीच साडी नेसायची.

गीज टोकाकडून छाटले. वरून २ सूत, बाजूने सव्वातीन. तिरक्या शिवणी कोपऱ्यांत उतरल्या. हे पहिल्यांदा झालं तेव्हा मी तो तुकडा खिडकीशी नेऊन पाहिला.

पाचवा ब्लॉक: साडेबारा इंच. चारही टोकं शिवणीला टेकलेली. एक फुलीच्या दोन दोरे बाहेर गेलंय, म्हणजे टोक आणि चौकोनामध्ये छोट्या त्रिकोणांचं कापड रेघभर दिसतं. ते उसवणार नाही.

आता पुढचा प्रश्न. ब्लॉक मध्ये पट्टी न घालता थेट एकमेकांना जोडायचे आहेत. दोन शेजारच्या चांदण्यांची बाहेरची टोकं समोरासमोर येणार. तिथे तर माया एकमेकींत अडकवायलाही काही नाही.

दूरदेशी

वा! फारच आनंद झाला.

तिथे उभी टाचणी. बाहेरचं टोक कच्च्या कडेपासून २ सूत आत आहे. वरच्या ब्लॉकच्या उलट बाजूने टाचणी नेमकी टोकातून खाली घाल, आणि खालच्या ब्लॉकच्या टोकातून बाहेर काढ. ती तशीच उभी राहू दे, आडवी करू नको, आडवी केली की दोन थर सरकतात. तिच्या दोन्ही बाजूंना, अगदी लागून, दोन टाचण्या नेहमीसारख्या लाव. मग उभी काढून घे.

आधी पूर्ण शिवण घालू नको. फक्त जुळणीच्या जागी इंचभर लांब टाक्यांची कच्ची टीप घाल, उघडून बघ. पटलं तर सगळी शिवण नेहमीच्या टाक्याने. नाही पटलं तर चार टाके काढणं सोपं. ब्लॉक जोडल्यावर ती शिवण दोन्हीकडे उघडून इस्त्री कर, नाहीतर तिथे इतके थर जमतात की पुढे गोधडी भरताना सुई अडते.

शिवणकाकू

आणि दोन ब्लॉकमध्ये एखादा केसभर मोठा निघाला तर मोठा खाली ठेव. खालचे दाते त्याला थोडं जास्त ओढून घेतात, जास्तीचं आपोआप सामावतं. दोन-तीन दोऱ्यांचाच फरक असेल तर. त्याहून जास्त असेल तर उसव.

कारवारी

रानजाई, निळ्या साडीचं वाचून डोळे भरून आले. एक विचारायचं राहिलं. आधीच्या चार ब्लॉकचं काय करणार? कापड मोजकं आहे म्हणालीस.

रानजाई

तेच करते आहे आता. काल मोजून पाहिलं. मधले चौकोन आणि कोपरे मापातच कापलेले आहेत, ते उसवून तसेच वापरता येतील. गीज मात्र वाचत नाहीत, टोकावर कापडच नाही. ते मागच्या बाजूच्या पट्टीत लावेन.

पहिला ब्लॉक उसवायला घेतला. साडीचं कापड विरळ आहे, ओढून उसवलं तर फाटेल, म्हणून एका बाजूने दर तिसरा टाका कापत जाते आणि मग दुसऱ्या बाजूचा दोरा हलकेच ओढते. अख्खा निघून येतो. दोन शिवणी झाल्या आहेत.